पाठाचे उद्दिष्ट : म्हैसूरचा वारसा आणि जपानीचा वर्ग

शिक्षकाच्या टाचणवहीत विषय, घटक आणि दिनांक यांच्याखाली एक रकाना हमखास असतो : उद्दिष्टे. पिढ्यान्‌पिढ्या तो भरला गेला. मनापासून किती वेळा भरला गेला, हा प्रश्न निराळा. ‘कवितेचा अर्थ समजावून देणे’, ‘भाषेची गोडी लावणे’ अशी वाक्ये एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरत राहिली. परंतु या लहानशा रकान्याला स्वतःचा इतिहास आहे. त्यातील एक महत्त्वाचा टप्पा म्हैसूर नगरीत घडला, आणि त्याची आजची कसोटी पाहावयाची तर पुण्यातील जपानी भाषेच्या वर्गात डोकवावे लागते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्याकडील अध्यापक विद्यालयांवर हर्बार्टच्या अनुयायांनी रूढ केलेल्या पंचपदीचा प्रभाव होता. पूर्वतयारी, विषयनिवेदन, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन या पाच पायऱ्यांनी पाठाला शिस्त दिली; पण त्या पायऱ्या मुख्यतः शिक्षकाने काय करावे हे सांगत. पाठ संपल्यावर विद्यार्थ्याला काय येऊ लागले, हा प्रश्न मागे राही. १९४९ मध्ये अमेरिकेत राल्फ टायलर यांनी अभ्यासक्रमाचा विचार उद्दिष्टांपासून सुरू करावा, असे आग्रहाने मांडले. १९५६ मध्ये बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण आणि मूल्यमापन अशी उद्दिष्टांची सहा पायऱ्यांची मांडणी प्रसिद्ध केली.

भारतात या विचाराला अनुकूल भूमी तयार होती. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने घोकंपट्टीवर उभ्या असलेल्या परीक्षापद्धतीवर कठोर टीका केली होती. त्यानंतर काही वर्षांतच ब्लूम स्वतः भारतात आले, शिक्षकांच्या कार्यशाळा झाल्या, आणि ‘उद्दिष्टे व स्पष्टीकरणे’ ही जोडी आपल्या अध्यापनशास्त्रात स्थिरावली. १९६२ मध्ये रॉबर्ट मेगर यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. विद्यार्थी कोणती कृती करील, कोणत्या परिस्थितीत करील आणि ती किती अचूक असावी, या तीन गोष्टी उद्दिष्टात स्पष्ट असाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. ‘समजून घेतो’ यासारखी धूसर क्रियापदे गेली; ‘लिहितो’, ‘ओळखतो’, ‘फरक सांगतो’ ही आली.

याच सुमारास, १९६३ मध्ये, म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालय स्थापन झाले. अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर अशी ही चार भावंडे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या छत्राखाली वाढली. म्हैसूरकडे दक्षिणेची राज्ये आली. महाराष्ट्र आणि गोवा भोपाळच्या कार्यक्षेत्रात राहिले. तरीही म्हैसूरचे नाव मराठी अध्यापक विद्यालयांच्या पाठ्यपुस्तकांत पोहोचले, ते तेथे विकसित झालेल्या उद्दिष्टलेखनाच्या पद्धतीमुळे. महाविद्यालयाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘आर.सी.ई.एम. पद्धती’ म्हणून ओळखली जाते.

या पद्धतीमागचा विचार साधा पण खोल होता. नुसत्या कृतिवाचक क्रियापदाने उद्दिष्ट खरोखर स्पष्ट होते काय? ‘विद्यार्थी उत्तर लिहितो’ या वाक्यातील लेखन पाठांतरातून आलेले असेल किंवा विचारातून. क्रियापद एकच, मागची मानसिक प्रक्रिया मात्र भिन्न. म्हणून म्हैसूरच्या अभ्यासकांनी कृतीऐवजी मानसिक क्षमतेला केंद्रस्थानी ठेवले. ज्ञान, आकलन, उपयोजन आणि सर्जनशीलता अशा चार गटांत त्यांनी एकूण १७ क्षमता मांडल्या : ज्ञानाखाली २, आकलनाखाली ७, उपयोजनाखाली ५ आणि सर्जनशीलतेखाली ३. प्रत्याभिज्ञान, संबंध ओळखणे, उदाहरण देणे, वर्गीकरण करणे, अनुमान काढणे, भाकीत करणे या त्यांतील काही. ब्लूम यांच्या वरच्या तीन पायऱ्या येथे सर्जनशीलतेच्या एकाच गटात सामावल्या. पाश्चात्त्य विचार जसाच्या तसा न उचलता आपल्या शिक्षकाला पेलेल असा करून घेण्याचा हा प्रयत्न होता.

त्याच म्हैसुरात १७ जुलै १९६९ रोजी भारतीय भाषा संस्थेची स्थापना झाली. डॉ. देवीप्रसन्न पट्टनायक हे तिचे पहिले संचालक. त्रिभाषा सूत्र प्रत्यक्षात आणावयाचे तर एका राज्यातील शिक्षकांनी दुसऱ्या राज्याची भाषा शिकली पाहिजे, या हेतूने संस्थेने प्रादेशिक भाषा केंद्रे उभारली. पश्चिम विभागाचे केंद्र पुण्यात आले आणि तेथे परप्रांतीय शिक्षक दहा महिन्यांत मराठी शिकू लागले. प्रौढ माणसाला अवघ्या दहा महिन्यांत परकी भाषा आत्मसात करावयाची असेल, तर ‘भाषेची गोडी लावणे’ एवढ्या उद्दिष्टावर भागत नाही. पहिल्या महिन्यात त्याने बाजारात भाव विचारावा, पुढे वर्तमानपत्र वाचावे आणि अखेरीस त्या भाषेत शिकवावे, असा उतरत्या नव्हे तर चढत्या पायऱ्यांचा जिना आधीच बांधावा लागतो.

म्हैसूर, पुणे आणि जपान यांना जोडणारा एक जुना धागाही येथे आठवतो. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्यात अभियांत्रिकी शिकले, मुंबई इलाख्याच्या सेवेत असताना १८९८ मध्ये जपानला जाऊन आले, आणि तेथील शिक्षणप्रसाराने प्रभावित झाले. पुढे १९१२ ते १९१८ या काळात ते म्हैसूरचे दिवाण होते. त्याच कारकिर्दीत, १९१६ मध्ये, म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले. शिक्षणाने माणसाच्या हाती काय यावे, हा प्रश्न त्यांनी सदैव व्यवहाराच्या अंगाने विचारला.

आज पुणे हे जपानी भाषेच्या अध्ययनाचे भारतातील एक प्रमुख केंद्र आहे. पुणे विद्यापीठाचा रानडे इमारतीतील परकीय भाषा विभाग आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ येथे ही भाषा शिकवली जाते. ओकायामा शहराशी जुळलेल्या मैत्रीची खूण म्हणून सिंहगड रस्त्यावर जपानी धाटणीचे उद्यान फुलले आहे. या वर्गांपुढे बराच काळ एकच ठळक ध्येय होते : जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा. १९८४ मध्ये सुरू झालेल्या या परीक्षेच्या प्रारंभी चार पातळ्या होत्या. २०१० पासून त्या पाच झाल्या. परीक्षेने शिस्त दिली, नोकरीची दारे उघडली. परंतु तिच्यात शब्दसंपदा, व्याकरण, वाचन आणि श्रवण यांची पर्यायी उत्तरांनी तपासणी होते. बोलण्याची व स्वतः लिहिण्याची होत नाही. परीक्षा हेच उद्दिष्ट मानले, तर उत्तम गुण मिळवूनही पाहुण्यासमोर तोंड न उघडणारा विद्यार्थी तयार होऊ शकतो.

जपान फाउंडेशनने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषाशिक्षण प्रमाणकाने या उणिवेकडे लक्ष वेधले. युरोपच्या सामायिक भाषा-आराखड्यावर आधारलेल्या या प्रमाणकात सहा पातळ्या असून प्रत्येक उद्दिष्ट ‘मला हे करता येते’ अशा स्वरूपात लिहिलेले असते. ‘चौथा धडा पूर्ण करणे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘दुकानात वस्तूची किंमत विचारून उत्तरातील आकडा समजतो’ हे उद्दिष्ट. मग ‘कोरे वा इकुरा देसु का’ हे वाक्य फळ्यावर का आले, हे शिक्षकालाही कळते आणि शिकणाऱ्यालाही. पाठाच्या शेवटी विद्यार्थी स्वतःच ठरवतो की हे आपल्याला जमले, अडखळत जमले की अजून जमले नाही.

उद्दिष्ट ठरवताना शिकणाऱ्याची मातृभाषाही विचारात घ्यावी लागते. मराठीप्रमाणे जपानीतही क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नामाला प्रत्ययासारखी अव्यये जोडली जातात. ‘पुण्याला जातो’ म्हणणाऱ्याला ‘तोक्यो नी इकिमासु’ ही रचना परकी वाटत नाही. तेथे फार वेळ दवडण्याचे कारण नाही. अडचण येते ती मोजण्याच्या शब्दांत. आपण माणसांना ‘तीन जण’ म्हणतो, पण छत्र्या, कागद आणि पुस्तके नुसत्या आकड्यांनी मोजतो. जपानीत लांबट वस्तूंना एक, सपाट वस्तूंना दुसरा, पुस्तकांना तिसरा शब्द लागतो. म्हणून ‘गणनाशब्द शिकवणे’ असे लिहिण्यापेक्षा ‘टपाल कार्यालयात पाच तिकिटे योग्य शब्दाने मागतो’ असे लिहिणारा शिक्षक निम्मा पाठ आधीच जिंकतो. लिपीचेही तसेच. हिरागानाची ४६ मूळ अक्षरे काही आठवड्यांत येतात. नित्य वापराच्या कांजींची अधिकृत संख्या मात्र २१३६ आहे. त्यांतील कोणती वाचता यावीत आणि कोणती हाताने लिहिता यावीत, हे वेगळे केले नाही तर शिकणारा पहिल्याच घाटात थकतो.

तथापि स्पष्टतेलाही मर्यादा आहेत, आणि म्हैसूरच्या अभ्यासकांचा मूळ प्रश्न येथे पुन्हा उपयोगी पडतो. तिकिटे मागणारे वाक्य पाठ करूनही म्हणता येते. तेच वाक्य औषधाच्या दुकानात, बदललेल्या वस्तूसाठी, स्वतःहून वळवता आले तरच उपयोजन साधले. १९९१ च्या सुमारास रवींद्र दवे समितीच्या शिफारशींतून आलेल्या किमान अध्ययन क्षमता असोत वा अलीकडच्या अध्ययन निष्पत्ती असोत, त्या केवळ रकाने भरण्यासाठी वापरल्या गेल्या तेव्हा वर्गात काहीच बदलले नाही. कवितेचे रसग्रहण, दुसऱ्या संस्कृतीविषयीचा आदर, चुकण्याची भीती जाणे, या गोष्टी एका तासिकेत मोजता येत नाहीत. म्हणून त्या उद्दिष्टांतून गळाव्यात असे नाही. त्यांना एका पाठाऐवजी वर्षाचा अवधी द्यावा लागतो, इतकेच.

म्हैसूरच्या त्या महाविद्यालयाने २०२३ मध्ये साठी ओलांडली. आज ते प्रादेशिक शिक्षण संस्था या नावाने ओळखले जाते. साठ वर्षांत तंत्रे बदलली, शब्द बदलले. स्पष्टीकरणांच्या जागी क्षमता आल्या, क्षमतांच्या जागी निष्पत्ती आल्या. प्रश्न मात्र तोच आहे : घंटा वाजून वर्गाबाहेर पडणाऱ्या मुलाला असे काय येते, जे आत येताना येत नव्हते? भाषा जपानी असो वा मराठी, ज्या शिक्षकाजवळ या प्रश्नाचे एका वाक्याचे प्रामाणिक उत्तर आहे, त्याच्या टाचणवहीतील तो रकाना खऱ्या अर्थाने भरलेला असतो.