घरभेदी, बखर आणि मौन : 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' (१९७९) या दूरचित्रवाणी-मालिकेचे ऐतिहासिक स्थान

राजसत्ता ज्या काळाचे कागद कुलुपात ठेवते, त्या काळाचा इतिहास लोकांच्या मनात कशाच्या आधाराने उभा राहतो, हा इतिहासशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न होय. दप्तरे बंद असली म्हणून समाजाचे कुतूहल बंद पडत नाही. अशा वेळी कथा, नाटक, आख्यायिका आणि बखर ही साधने पुढे येतात, व पुढे दप्तरे खुली झाली तरी लोकांच्या मनावरील त्यांचा ठसा सहसा पुसला जात नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ब्रिटिश गुप्तहेर खात्याच्या बाबतीत नेमके हेच घडले. बी. बी. सी.ने १९७९ साली दाखविलेली 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' ही सात भागांची मालिका व तीत ॲलेक गिनेस यांनी केलेली जॉर्ज स्मायलीची भूमिका यांचा विचार या दृष्टीने करणे उद्बोधक ठरेल.

(१) पार्श्वभूमी

गाय बर्जेस व डोनल्ड मॅक्लीन हे ब्रिटिश परराष्ट्र खात्यातील दोन अधिकारी मे १९५१ मध्ये एकाएकी नाहीसे झाले व पुढे ते मॉस्कोत असल्याचे उघड झाले. त्यांना सावध करणारा तिसरा इसम कोण, या प्रश्नाचा संशय किम फिल्बी याच्यावर आला. फिल्बीचा जन्म १९१२ साली अंबाला येथे झाला होता; त्याचा पिता हिंदुस्थानातील मुलकी सेवेत अधिकारी होता. नोव्हेंबर १९५५ मध्ये परराष्ट्रमंत्री हॅरोल्ड मॅकमिलन यांनी पार्लमेंटात फिल्बीविरुद्ध पुरावा नसल्याचे सांगितले. त्यानंतर फिल्बीने आपल्या आईच्या घरी वार्ताहरांना बोलावून, चित्रफितीच्या यंत्रासमोर, अत्यंत सहजपणे आपण निर्दोष असल्याचे निवेदन केले. जानेवारी १९६३ मध्ये तो बैरूतहून पसार झाला आणि मॉस्कोत प्रकट झाला. त्या जुन्या चित्रफितीतील हसरा चेहरा पाहिला असता, खोटे बोलणे ही सुद्धा एक अभिनयकला आहे याची खात्री पटते.

या काळात डेव्हिड कॉर्नवेल हा तरुण अधिकारी त्याच खात्यांत नोकरीस होता. जॉन ल कारे या टोपणनावाने त्याने लेखन आरंभिले व १९६४ मध्ये नोकरी सोडली. खात्याच्या अगदी वरच्या वर्तुळात शत्रूचा माणूस वर्षानुवर्षे बसलेला आहे, ही फिल्बी-प्रकरणातील जखम त्याच्या १९७४ सालच्या 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' या कादंबरीचा गाभा झाली. अशा घरभेद्यासाठी त्याने जमिनीखाली बिळे करणाऱ्या 'मोल' या प्राण्याचे नाव वापरले. फ्रान्सिस बेकन याने सातव्या हेन्रीच्या १६२२ सालच्या चरित्रात हेरांना उद्देशून हा शब्द योजिला होता. तथापि तो घरोघरी पोहोचला तो या कादंबरीमुळे व मालिकेमुळेच.

(२) मालिकेची रचना

कादंबरीचे नाट्यरूप आर्थर हॉपक्राफ्ट यांनी केले, दिग्दर्शन जॉन अर्विन यांनी केले व निर्मिती जोनाथन पॉवेल यांची होती. त्या काळच्या पुष्कळशा दूरचित्रवाणी-नाटकांचे अंतर्गृहातील प्रवेश स्टुडिओत व्हिडिओफितीवर घेतले जात. ही मालिका मात्र संपूर्णतः फिल्मवर घेतली गेली. १० सप्टेंबर ते २२ ऑक्टोबर १९७९ या काळात दर सोमवारी तिचा एकेक भाग प्रक्षेपित झाला. याच सुमारास ब्रिटनमधील व्यापारी दूरचित्रवाणी संपामुळे १० ऑगस्टपासून २४ ऑक्टोबरपर्यंत जवळजवळ सर्वत्र बंद होती. प्रेक्षकांपुढे बी. बी. सी.च्या दोन वाहिन्यांवाचून दुसरा पर्याय नव्हता. मंदगती व अवघड अशा या कृतीला मोठा प्रेक्षकवर्ग लाभला, त्यात या योगायोगाचा वाटा होता हे नाकारता येणार नाही. परंतु योगायोगाने प्रेक्षक एकदा येतो. सात आठवडे तो टिकून राहतो तो कृतीच्या गुणामुळे.

मालिकेचा पहिलाच प्रवेश तिच्या रीतीची ओळख करून देतो. एका सामान्य खोलीत चार अधिकारी एकामागून एक येतात व आपापल्या जागी बसतात. एकाने कागदांची चळत आणली आहे, दुसऱ्याच्या तोंडात सिगारेट आहे, एकाच्या हातात चहाचा पेला असून त्यावर बशी झाकलेली आहे. संभाषण जवळजवळ नाहीच. या चौघांपैकी एक घरभेदी आहे, हे प्रेक्षकास पुढे कळते. आणि मग तो मूक प्रवेश त्याच्या स्मरणात पुनःपुन्हा उभा राहतो. श्रेयनामावलीत एकातून एक निघणाऱ्या रशियन बाहुल्या दिसतात. शेवटच्या बाहुलीला चेहराच नाही.

कथेतील बाह्य घटना थोड्या आहेत. खात्यातून निवृत्त केलेल्या स्मायलीला सरकारी सचिव गुपचूप परत बोलावतो व घरभेदी शोधण्याचे काम सोपवितो. स्मायलीला खात्याच्या इमारतीत पाऊल टाकता येत नाही. लंडनमधील एका साध्या हॉटेलच्या खोलीत बसून तो चोरून आणलेली दप्तरे रात्रीच्या रात्री वाचतो आणि जुन्या सहकाऱ्यांना एकेक करून भेटतो. कोणी सांगितले, कशाच्या आधारावर सांगितले, कोणता कागद असावयास हवा होता व तो का नाही, हेच त्याचे प्रश्न. नोंदवहीतील नाहीशी झालेली पाने ही त्याला उपस्थित पानांहून अधिक बोलकी वाटतात.

इतिहाससंशोधकास ही पद्धत अपरिचित वाटू नये. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांचा आग्रह याच गोष्टीवर होता : अस्सल पत्र प्रथम, बखर नंतर, आणि बखरीतील प्रत्येक विधान तत्कालीन कागदाशी ताडून पाहावयाचे. स्मायली हा अशा अर्थी कागदांचा शोधक आहे. फरक एवढाच की त्याच्या संशोधनाचा विषय झालेले लोक हयात आहेत, त्यांच्यावर त्याने प्रेम केलेले आहे, व त्याचा निष्कर्ष त्यांच्यापैकी एकाच्या गळ्याला फास ठरणार आहे.

(३) गिनेस यांचा अभिनय

गिनेस यांचा जन्म २ एप्रिल १९१४ रोजी लंडन येथे झाला. त्यांच्या जन्मदाखल्यावर पित्याचे नाव नाही. रंगभूमीवर नाव मिळविल्यानंतर 'काइंड हार्ट्‌स अँड कॉरोनेट्‌स' (१९४९) या चित्रपटात एकाच घराण्यातील अनेक व्यक्ती त्यांनी एकट्याने उभ्या केल्या, तर 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' (१९५७) यासाठी त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. वेष बदलून दुसरा होण्यात ज्याची ख्याती, त्या नटाने पासष्टाव्या वर्षी अशी भूमिका घेतली की जीत वेष बदलण्यास जवळजवळ वावच नव्हता. कादंबरीतील स्मायली बुटका व स्थूल आहे. गिनेस तसे नव्हते. त्यांनी बाह्य साम्याच्या मागे न लागता नमुना शोधला. ल कारे यांच्यामार्फत हेरखात्याचे निवृत्त प्रमुख मॉरिस ओल्डफील्ड यांच्याबरोबर त्यांनी भोजन केले आणि त्या गृहस्थाच्या बारीकसारीक लकबी न्याहाळल्या.

या भूमिकेचे मर्म ऐकण्यात आहे. मालिकेतील बहुतेक महत्त्वाचे प्रवेश हे मुलाखतीचे आहेत, आणि त्यांत बोलतो तो दुसराच. खात्याच्या माजी संशोधिका कॉनी सॅक्स यांची भूमिका बेरिल रीड यांनी केली आहे. ऑक्सफर्डमधील त्यांच्या घरच्या प्रवेशात त्या हसतात, रडतात, गतकाळ आळवितात. स्मायली केवळ बसून असतो. तथापि प्रेक्षकाची दृष्टी पुनःपुन्हा त्याच्याकडे वळते, कारण ऐकलेल्या प्रत्येक वाक्याची किंमत त्याच्या मुद्रेवर होते. चष्म्याची काच पुसणे, पापणी किंचित खाली येणे, उत्तर देण्यापूर्वीचा एक क्षणाचा विलंब, एवढ्याच सामग्रीवर हा नट जवळजवळ सहा तासांचे नाट्य पेलून धरतो.

स्मायलीच्या मौनाखाली एक खाजगी दुःख आहे. त्याची पत्नी ॲन त्याला सोडून गेली आहे व तिचे बिल हेडन या त्याच्याच सहकाऱ्याशी संबंध होते, हे खात्यातील सर्वांना ठाऊक आहे. भेटणारा प्रत्येक जण तिचे क्षेमकुशल विचारतो. दर वेळी गिनेस सभ्यपणे उत्तर देतात, आणि दर वेळी त्या उत्तराची छटा थोडी निराळी असते. ॲन मात्र अखेरच्या भागापर्यंत पडद्यावर येत नाही. घरातील विश्वासघात व राष्ट्राचा विश्वासघात यांची गाठ येथे पडते. घरभेदी हेडनच असल्याचे निष्पन्न होते, आणि ॲनशी त्याने ठेवलेला संबंध हा देखील शत्रूच्या सूचनेवरून होता हे कळते. हेतू असा की, स्मायलीने हेडनवर कधी संशय घेतलाच तर तो मत्सरग्रस्त पतीचा आकस ठरावा.

या सूचनेचे मूळ भारतात आहे. कथेनुसार १९५५ साली दिल्लीच्या तुरुंगात स्मायलीने कार्ला या सोव्हिएत हेराची चौकशी केली होती. पॅट्रिक स्टुअर्ट यांनी साकारलेला कार्ला एक शब्दही बोलत नाही. समोरचा गप्प आहे असे पाहून स्मायली स्वतःच बोलत सुटतो व बोलता बोलता आपली दुखरी जागा उघडी करतो. कार्ला जातो तो ॲनने पतीला दिलेला लायटर घेऊनच. इतर सर्व प्रवेशांत ऐकणारा स्मायली येथे ऐकविणारा होतो, व तेथेच तो हरतो. पुढे जो संयम त्याच्या स्वभावाचा भाग म्हणून दिसतो, तो या पराभवाचे फळ आहे असे म्हणावयास हरकत नाही. १९८२ सालच्या 'स्मायलीज पीपल' या पुढील मालिकेत कार्ला शरण येताना तोच लायटर रस्त्यावर टाकतो. स्मायली तो उचलत नाही.

या दोन्ही भूमिकांसाठी गिनेस यांना ब्रिटिश ॲकॅडमीचे पारितोषिक मिळाले. त्यांच्या पद्धतीची मर्यादाही नोंदविली पाहिजे. डेव्हिड लीन यांच्या 'अ पॅसेज टु इंडिया' (१९८४) या चित्रपटात त्यांनी प्राध्यापक गोडबोले या दक्षिणी ब्राह्मणाची भूमिका केली. फॉर्स्टर यांनी देवास संस्थानात महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून काम केले होते. त्यामुळे मराठी माणसांचा त्यांना निकटचा परिचय होता. तथापि रंग फासलेला इंग्रज गोडबोले टीकेचा विषय झाला, आणि ती टीका रास्त होती. ज्या समाजाचे मौन नटाला आतून ठाऊक आहे, तेथेच त्याचे मौन बोलते. अन्यत्र ते केवळ सोंग होते.

(४) मालिका आणि इतिहास

मालिकेचा शेवटचा भाग २२ ऑक्टोबर १९७९ रोजी दाखविला गेला. त्यानंतर चोवीस दिवसांनी, १५ नोव्हेंबर रोजी, पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी पार्लमेंटात दिलेल्या लेखी उत्तरात जाहीर केले की, विख्यात कलेतिहासकार व राजघराण्याच्या चित्रसंग्रहाचे माजी अधीक्षक सर अँथनी ब्लंट हे सोव्हिएत हेर होते. ब्लंट यांनी १९६४ मध्येच अभयाच्या बदल्यात कबुली दिली होती. पंधरा वर्षे ती गुप्त राहिली. त्यांची 'सर' ही पदवी काढून घेण्यात आली. बिल हेडन हा चित्रे रंगविणारा, सुसंस्कृत, वरच्या थरातील इसम. आणि ब्लंट हे चित्रकलेचे पंडित. हे साम्य मालिकाकारांनी योजिलेले नव्हते. परंतु ज्या प्रेक्षकाने नुकताच हेडन पाहिला होता, त्याला ब्लंट समजून घेण्यासाठी एक साचा आयताच मिळाला होता.

येथे धोकाही आहे. ब्रिटिश सरकारने परदेशी हेरखात्याचे अस्तित्व अधिकृतपणे मान्य केले ते १९९२ मध्ये, व त्याला कायद्याचे अधिष्ठान दिले ते १९९४ मध्ये. तोपर्यंत जनतेला या खात्याचे जे चित्र ठाऊक होते, ते बव्हंशी कादंबऱ्यांचे व पडद्याचे होते. कागदाच्या अभावी बखर अस्सल मानली गेली. वस्तुतः या मालिकेतील शत्रूचा विजय आणि खात्याचा ऱ्हास यांत एक करुण भव्यता आहे. फिल्बीच्या फितुरीमुळे प्रत्यक्षात जी माणसे पकडली व मारली गेली, त्यांच्या हकीकतीत तशी भव्यता नाही. त्यांची नावेही पुष्कळदा उरलेली नाहीत. स्मायलीचे दुःख पाहून हळहळणाऱ्याने त्यांचा विसर पडू देता कामा नये.

मग अशा कृतीचे साधन म्हणून मूल्य काय? बखरीसंबंधी मराठी इतिहाससंशोधनाने जो विवेक शिकविला, तोच येथे लागू पडतो. घटना काय घडल्या याचा पुरावा म्हणून बखर अपुरी आहे. परंतु ती रचणाऱ्या व ऐकणाऱ्या समाजाला आपला भूतकाळ कसा भासत होता, याचा ती उत्तम पुरावा आहे. १९७९ च्या ब्रिटनला आपले साम्राज्य संपल्याचे, आपल्या वरच्या वर्गावरील विश्वास उडाल्याचे आणि शत्रू बाहेरून न येता आपल्याच भोजनगृहात वाढल्याचे जे भान होते, ते सरकारी दप्तरात सापडणार नाही. ते त्या थकलेल्या खोल्यांत, अर्धवट राहिलेल्या वाक्यांत आणि गिनेस यांच्या मुद्रेत नोंदलेले आहे. हीच कथा २०११ साली टॉमस आल्फ्रेडसन यांनी सुमारे दोन तासांच्या चित्रपटात मांडली व गॅरी ओल्डमन यांनी स्मायली समर्थपणे केला. तरीही रात्रीमागून रात्री दप्तर वाचणाऱ्या माणसाचा कंटाळा, शंका व चिकाटी यांना जो अवकाश मालिकेत मिळाला, तो तेथे मिळणे शक्य नव्हते. मंदगती ही या कृतीची उणीव नसून तिचा आशय आहे.

शेवटच्या प्रवेशात काम संपलेले असते. हेडन मारला गेलेला असतो, कागद जुळलेले असतात, प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळालेले असते. स्मायली ॲनकडे जातो आणि मनुष्यजीवन हे त्याला अजूनही कोडेच आहे, असे ती त्याला सांगते. साधनांची छाननी करून सत्य हाती लागते. त्या सत्याने माणूस उलगडतोच असे नाही. शोधकाचे काम तेथवर पोहोचून थांबते, आणि ते तेथवर प्रामाणिकपणे पोहोचले पाहिजे, एवढाच त्याचा धर्म आहे.