फाशीची शिक्षा : बाबासाहेबांचे मत आणि पुढचा इतिहास

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत फाशीचा विषय कशाला, असे काही जणांना वाटेल. विहार म्हणजे मंगल जागा, तिथे वधस्तंभाची चर्चा नको, हे म्हणणे मला समजते. पण हा प्रश्न मला याच विहारात विचारला गेला होता, म्हणून त्याचे उत्तरही इथेच द्यावेसे वाटते.

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी गावात एका बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांना जमावाने हालहाल करून ठार मारले. वडील तेवढे वाचले. त्यानंतर महाराष्ट्रभर मोर्चे निघाले, तसे आपल्या वस्तीतूनही निघाले. 'आरोपींना फाशी द्या' ही घोषणा घसा बसेपर्यंत देणाऱ्यांत मीही होतो. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली, तेव्हा आपण समाधान मानले. पुढे १४ जुलै २०१० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची सक्तमजुरी दिली. त्या संध्याकाळी वंदनेनंतर एका तरुणाने मला विचारले, "काका, तुम्ही जन्मभर कोर्टात कारकुनी केली. आता सांगा, आपली माणसं मेली की फाशी का रद्द होते?"

मला तेव्हा उत्तर देता आले नाही. ते शोधता शोधता मी घटना समितीच्या कामकाजापर्यंत पोचलो. तिथे बाबासाहेबांचे मत वाचले आणि माझी घोषणा मलाच पुन्हा तपासावी लागली.

अशोकाचे तीन दिवस

आधी थोडे मागे जाऊ. सम्राट अशोकाने धम्म स्वीकारल्यावर देहदंड बंद केला, असा आपल्यात समज आहे. तो खरा नाही. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर त्याने कोरवलेल्या चौथ्या स्तंभलेखात, देहदंड झालेल्या कैद्यांना तीन दिवसांची मुदत द्यावी, अशी आज्ञा आहे. या तीन दिवसांत नातेवाइकांनी त्याच्या जीवदानासाठी खटपट करावी. ते न जमल्यास त्याने दानधर्म आणि उपवास करून मरणाची तयारी करावी. म्हणजे शिक्षा राहिली, पण राजाचा हात तीन दिवस थांबला. तेवीसशे वर्षांपूर्वी एका सम्राटाला आपल्याच हुकमावर फेरविचाराची गरज वाटली, ही लहान गोष्ट नव्हे. आजचा दयेचा अर्ज मला त्याच वाटेवरचा वाटतो.

३ जून १९४९

इंग्रजांच्या राज्यात १८६० च्या दंडसंहितेने खुनाला फाशी किंवा जन्मठेप अशी शिक्षा ठेवली. मात्र १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचा कल उघड होता. फाशीच्या गुन्ह्यात न्यायाधीशाने फाशी दिली नाही, तर ती का दिली नाही याची कारणे त्याने लिहावीत, असा नियम होता. फाशी देणाऱ्याला असे काही विचारले जात नसे. १९३१ मध्ये, म्हणजे भगतसिंगांना फाशी झाली त्याच वर्षी, गया प्रसाद सिंह यांनी मध्यवर्ती विधिमंडळात फाशी रद्द करण्याचे विधेयक मांडले. सरकारने विरोध केला आणि ते बारगळले.

घटना समितीतही हा विषय निघाला. नोव्हेंबर १९४८ मध्ये झेड. एच. लारी या सदस्याने, थोडे अपवाद ठेवून फाशी बंद करावी, अशी दुरुस्ती मांडली. ती संमत झाली नाही. पुढे ३ जून १९४९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकारांची चर्चा सुरू होती. फाशी झालेल्या प्रत्येकाला सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क असावा की नाही, हा वादाचा मुद्दा होता. बाबासाहेब उत्तराला उभे राहिले. अशा अपिलाची तरतूद करण्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करण्याला मी अधिक पाठिंबा देईन, असे ते म्हणाले. आपला देश एकंदरीत अहिंसेचे तत्त्व मानतो, ती इथली प्राचीन परंपरा आहे; लोक ते रोजच्या आचरणात पाळत नसतीलही, पण शक्य तितके पाळावे असा नैतिक आदेश म्हणून ते मानतात. म्हणून या देशाने ही शिक्षाच मोडीत काढावी, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

हे कोण बोलत होते, ते ध्यानात घ्या. अन्याय काय असतो हे ज्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही, असे बाबासाहेब बोलत होते. आणि त्यांची अहिंसा भाबडीही नव्हती. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. हीच कसोटी फाशीला लावून बघा. गुन्हेगार पकडला गेला, बेड्या पडल्या, तुरुंगाच्या भिंतीआड गेला. आता त्याला मारण्याची गरज उरते, की इच्छा उरते?

त्यांचे मत कायद्यात उतरले नाही. मात्र संविधानात जीविताचा हक्क देणारे कलम २१ आले, राष्ट्रपती आणि राज्यपालांना दयेचा अधिकार देणारी कलमे ७२ आणि १६१ आली. पुढची लढाई याच कलमांच्या आधारे झाली.

कायदा हळूहळू वळला

१९५५ मध्ये संसदेने तो १८९८ चा नियम काढून टाकला. १९७३ च्या नव्या प्रक्रिया संहितेने तर उलटेच केले : आता फाशी द्यायची असेल तर 'विशेष कारणे' लिहावी लागतील. जन्मठेप हा नियम झाला आणि फाशी हा अपवाद. मध्यंतरी १९६७ मध्ये विधी आयोगाने पस्तिसाव्या अहवालात फाशी ठेवावी असा सल्ला दिला होता, तरीही हा बदल झाला.

१९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक मतांनी फाशी वैध ठरवली; पण ती 'दुर्मिळातील दुर्मिळ' प्रकरणातच द्यावी आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराची परिस्थितीही पाहावी, असे बंधन घातले. विरोधी मत न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांचे होते. त्यांचे म्हणणे आपण मुद्दाम वाचावे असे आहे. ही शिक्षा कोणाला मिळेल हे न्यायाधीशाच्या मनोवृत्तीवर अवलंबून राहते, आणि ती प्रामुख्याने गरिबाच्या वाट्याला येते, असे त्यांनी लिहिले. त्यासाठी त्यांनी ब्लॅकशील्ड या ऑस्ट्रेलियन विद्वानाच्या अभ्यासाचा आधार घेतला. ब्लॅकशील्ड यांनी १९७२ ते १९७६ मधले सर्वोच्च न्यायालयाचे निकाल तपासून, सारख्याच गुन्ह्यांत निकाल कसे वेगवेगळे लागतात, ते दाखवले होते.

याचे एक उदाहरण ऐकले की अंगावर काटा येतो. उत्तर प्रदेशातील एका खटल्यात तिघांना सारख्याच सहभागासाठी फाशी झाली. तिघांची अपिले सर्वोच्च न्यायालयातील वेगवेगळ्या न्यायाधीशांपुढे गेली. एकाची फाशी कायम होऊन ऑक्टोबर १९८१ मध्ये तो फासावर गेला. दुसऱ्याला जन्मठेप मिळाली. तिसऱ्याच्या वेळी, १९८२ मध्ये, ही विसंगती न्यायालयाच्या ध्यानात आली. पण पहिला काही परत येणार नव्हता.

अभ्यासकांनी काय दाखवले

यानंतर कायद्याचे अभ्यासक हा प्रश्न भावनेने नव्हे, तर आकड्यांनी मांडू लागले. २००८ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनल आणि पीयूसीएल यांनी १९५० ते २००६ पर्यंतचे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल तपासून अहवाल काढला. त्याच्या नावातच फाशीला जीवघेणी सोडत म्हटले होते. २००९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कबूल केले की, १९९० च्या दशकातील एका निकालात आणि त्याच्या आधाराने दिलेल्या आणखी काही निकालांत गुन्हेगाराच्या परिस्थितीचा विचारच झाला नव्हता. तोवर त्यातील दोघे फासावर गेले होते. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून, चुकीच्या पद्धतीने फाशी सुनावलेल्या कैद्यांना जीवदान द्यावे, अशी विनंती केली.

२०१६ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने देशभरच्या तुरुंगांत जाऊन केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. तेव्हा फाशीची शिक्षा झालेले ३८५ कैदी होते, त्यांपैकी ३७३ जणांची माहिती त्यांनी गोळा केली. त्यातले ७४ टक्के गरीब घरचे होते. अनुसूचित जाती-जमातींचे सुमारे साडेचोवीस टक्के होते. आपल्या महाराष्ट्रात हेच प्रमाण ५० टक्के निघाले. २००० ते २०१५ या काळात खालच्या कोर्टांनी दिलेल्या फाशींपैकी शंभरात पाचही शेवटपर्यंत टिकल्या नाहीत, आणि जवळजवळ तीस जण तर निर्दोष सुटले. माझी नोकरी कागदांत गेली म्हणून सांगतो : खालच्या कोर्टात गरिबाचा कागद नीट लागत नाही. वकील नावापुरता असतो, साक्षीदार आणायला पैसा नसतो.

महाराष्ट्रातील २००३ च्या एका खून खटल्यात भटक्या जमातीतील सहा जणांना फाशी झाली. उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा कमी केली होती, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. पुढे ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने फेरविचारात सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. सोळा वर्षे तुरुंगात गेली. त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. मधल्या काळात दोर ओढला गेला असता, तर हे पाच लाख कोणाच्या हातात ठेवले असते?

बिहारचेही बघा. १९९२ च्या बारा हत्याकांडात मारले गेलेले लोक उच्च जातीचे होते. त्यात चौघांची फाशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. ते बहुतेक दलित समाजाचे होते. २०१७ मध्ये राष्ट्रपतींनी ती जन्मठेपेत बदलली. उलट १९९७ मध्ये लक्ष्मणपूर बाथे इथे ५८ दलितांची कत्तल झाली. खालच्या कोर्टाने २०१० मध्ये सोळा जणांना फाशी दिली, पण २०१३ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडले. म्हणजे आपल्यासाठी फाशी जाहीर होते आणि पुराव्याअभावी जन्मठेपही उरत नाही.

खैरलांजीचे उत्तर

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येतो. खैरलांजीत आपले खरे नुकसान फाशी रद्द झाल्याने झाले असे मला आता वाटत नाही. पंचवीस वर्षांची सक्तमजुरी ही लहान शिक्षा नव्हे. खरे नुकसान हे की, खालच्या कोर्टाने आणि उच्च न्यायालयानेही हा गुन्हा जातीय अत्याचार मानला नाही. ॲट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. मेलेल्यांना कशासाठी मारले, हेच निकालात आले नाही. आपण मात्र फाशीच्या घोषणेत अडकलो आणि हे दुखणे मागे पडले.

१९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात एक तरतूद आहे. खोटी साक्ष देऊन अनुसूचित जाती-जमातीच्या निरपराध माणसाला फासावर चढवणाऱ्याला देहदंड सांगितला आहे. शिक्षेचे राहू द्या, त्यामागची कबुली बघा. आपल्या निरपराध माणसाला खोट्या पुराव्यावर फाशी होऊ शकते, हे कायदा करणाऱ्यांनाही माहीत होते.

पुढे काय

ऑगस्ट २०१५ मध्ये न्यायमूर्ती ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने, दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे वगळून फाशी रद्द करावी, अशी शिफारस केली. सगळ्या सदस्यांचे एकमत मात्र झाले नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, आरोपीचे बालपण, घरची स्थिती, मानसिक अवस्था आणि तुरुंगातील वागणूक यांची माहिती खटल्याच्या वेळीच मागवली पाहिजे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शिक्षेच्या सुनावणीचा प्रश्न घटनापीठाकडे सोपवला गेला. दुसऱ्या बाजूला, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने फाशी कायम ठेवली आणि फाशीच्या गुन्ह्यांची संख्याही वाढवली. २०२३ च्या अखेरीस देशात फाशीची शिक्षा झालेले पाचशेहून अधिक कैदी होते. म्हणजे अभ्यासक एका वाटेने चालले आहेत आणि कायदा दुसऱ्या. बौद्ध देशांतही एकवाक्यता नाही. कंबोडियाने आणि भूतानने फाशी रद्द केली, श्रीलंकेत कायदा असूनही १९७६ नंतर कोणाला फासावर दिलेले नाही, पण थायलंडने २०१८ मध्येही देहदंड दिला.

अत्याचार झाल्यावर आपल्याला राग येणारच, यावा. ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांना 'क्षमा करा' असे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण समाज म्हणून काय मागायचे, हे आपण ठरवू शकतो. गुन्हा ॲट्रॉसिटी कायद्याखालीच नोंदवा, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडेच द्या, साक्षीदारांना संरक्षण द्या, विशेष न्यायालयात खटला वेळेत चालवा : या मागण्यांना घोषणेची धार नसेल, पण आरोपी सुटतात ते याच ठिकाणी. त्यांची शिक्षा नक्की होऊ द्या. ती दोराची असण्याची गरज नाही.

तो तरुण आता स्वतः वकिली करतो. त्याला हे सगळे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "काका, पटतं, पण मन मानत नाही." माझेही पूर्ण मानते असे नाही. बाबासाहेबांनीही लोक अहिंसा पाळतात असे म्हटले नव्हते. शक्य तितकी पाळावी असे मानतात, एवढेच म्हटले होते. पुढच्या वेळी मोर्चा निघेल तेव्हा मी त्यात असेन, फक्त ती एक घोषणा देणार नाही.

जय भीम!