मेक

मेक : कमांड लाइनवरून चालवायचे बिल्ड-साधन. मूळ फाइलींपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करण्यासाठी कोणत्या कमांडी कोणत्या क्रमाने द्यायच्या, हे एका फाइलीत एकदा लिहून ठेवायचे. मग टर्मिनलवर ‘मेक’ एवढा शब्द टाइप केला की पुढचे काम ते पाहते. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ मध्ये युनिक्ससाठी लिहिले. आज लिनक्सवर बहुतेक ठिकाणी त्याची ‘ग्नू मेक’ ही आवृत्ती आढळते. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, अजूनही याच साधनाने बांधला जातो.

दिलेल्या क्रमाने काम करणारी यंत्रे मेकच्या आधीही होती. सोलापुरी चादरीवर नक्षी उठवणारे जॅकार्ड हे त्याच जातीचे. फ्रान्समधील लिआँ शहरी जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या या यंत्रणेत बाण्याच्या प्रत्येक धाग्यासाठी एक कार्ड असते. कार्डाला भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. कार्डांची माळ बदलली की नक्षी बदलते, माग तोच राहतो. मात्र आधी काय विणून झाले आहे याचा त्या माळेला पत्ता नसतो. ती पहिल्या कार्डापासून शेवटच्यापर्यंत फिरते आणि पुन्हा पहिल्यावर येते. मेकचे वेगळेपण इथेच आहे. कामाला हात घालण्याआधी ते काय करायची गरज नाही ते ठरवते.

हे ठरवण्याची रीत चादरीच्याच धंद्यावरून समजून घेता येते. चादर विणायला ताण्याचे बीम, बाण्याच्या कांड्या आणि नक्षीची कार्डे लागतात. बीमला रंगवलेले ताण्याचे सूत लागते, कांड्यांना रंगवलेले बाण्याचे. बाण्याचा रंग बदलायचा ठरला तर ते सूत पुन्हा रंगवावे लागेल, कांड्या पुन्हा भराव्या लागतील, चादर पुन्हा विणावी लागेल. बीमला आणि कार्डांना हात लावायचे कारण नाही. कोणते काम कशावर अवलंबून आहे याचे असेच कोष्टक मेकला द्यायचे असते. ते ज्या फाइलीत लिहितात तिला ‘मेकफाइल’ म्हणतात. तिच्यातल्या एका नियमाची ओळ अशी दिसेल : ‘चादर: बीम कांड्या कार्डे’. विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांच्या डावीकडे जे तयार करायचे ते, म्हणजे टार्गेट; उजवीकडे त्यासाठी आधी लागणाऱ्या गोष्टी; खालच्या ओळीवर प्रत्यक्ष कृती, म्हणजे द्यायची कमांड. (ग्नू मेकला देवनागरी नावे चालतात. नावात मोकळी जागा असेल तर मात्र ते एकाच नावाची दोन नावे करते.)

निर्णय घेण्याचा निकष अगदी साधा आहे. टार्गेटची फाइल अस्तित्वातच नसेल, किंवा तिला लागणारी एखादी फाइल तिच्यापेक्षा नंतर बदललेली असेल, तर कृती चालते. नाहीतर ते पाऊल गाळले जाते. त्यासाठी मेक फाइलीत डोकावत नाही, डिस्कवर नोंदलेली शेवटच्या बदलाची वेळ तेवढी पाहते.

नुसते ‘मेक’ म्हटले तर मेकफाइलमधले पहिले टार्गेट हाती घेतले जाते, म्हणून तिथे सहसा ‘ऑल’ या नावाचा नियम ठेवतात. ‘मेक क्लीन’ म्हटले की तयार झालेल्या फाइली पुसल्या जातात. ‘क्लीन’ नावाची फाइल कधीच तयार होत नसल्याने हे टार्गेट दर वेळी चालते; पण कुणी चुकून त्याच नावाची फाइल त्या फोल्डरमध्ये ठेवली तर मेक सगळे अद्ययावत असल्याचे सांगून गप्प बसते. असे होऊ नये म्हणून असली टार्गेटे ‘फोनी’, म्हणजे नावापुरती, अशी जाहीर करावी लागतात.

कमांडला जोडायच्या पर्यायांत नवशिक्याने आधी शिकावा तो ‘-एन’. त्याने प्रत्यक्ष काही न करता कोणत्या कमांडी चालल्या असत्या तेवढे छापून मिळते. परक्या माणसाची मेकफाइल हाती आली की आधी हाच पर्याय वापरणे शहाणपणाचे. ‘-बी’ ने सगळे जुने समजून पहिल्यापासून बांधले जाते, ‘-सी’ ने दुसऱ्या फोल्डरमध्ये जाऊन काम होते. ‘-जे’ पुढे आकडा दिला की तेवढी कामे एकाच वेळी चालतात. एकीकडे सूत रंगत असताना दुसरीकडे कार्डांना भोके पाडता येतात, तसे एकमेकांवर न अवलंबणारे नियम मेक समांतर चालवते. कोष्टकात एखादे अवलंबन लिहायचे राहिले असेल तर ते बहुधा इथेच उघडे पडते : एकेक काम करताना सुरळीत होणारा बिल्ड ‘-जे’ लावल्यावर कधी होतो, कधी मोडतो. कमांड लाइनवर ‘सीसी=क्लँग’ असे लिहून कंपायलर बदलता येतो, आणि असे दिलेले मूल्य मेकफाइलमधल्या मूल्यावर मात करते. कृतीची प्रत्येक ओळ स्वतंत्र शेलमध्ये चालते. त्यामुळे एका ओळीत फोल्डर बदलून पुढच्या ओळीत तिथे काम करू पाहणारा हमखास फसतो.

मेकचा जन्म एका वाया गेलेल्या सकाळीतून झाला. ‘याक’ या साधनाचे कर्ते स्टीव्ह जॉन्सन बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसले होते. दुरुस्ती केली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती. ते तक्रार घेऊन फेल्डमन यांच्याकडे आले आणि फेल्डमन यांनी शनिवार-रविवारात मेकचा पहिला अवतार उभा केला. कृतीची ओळ टॅबनेच सुरू झाली पाहिजे हा त्यातला कुप्रसिद्ध दंडकही तेव्हाचाच. टॅबऐवजी आठ स्पेस पडल्या तर डोळ्यांना फरक दिसत नाही, मेक मात्र ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून थांबते. काही आठवड्यांत फेल्डमन यांना ही खोड जाणवली होती. पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांची गैरसोय नको म्हणून त्यांनी ती तशीच राहू दिली. त्या डझनभरांच्या सोयीचा भुर्दंड पुढच्या पिढ्या अजून भरत आहेत. मेकसाठी फेल्डमन यांना २००३ चा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

केवळ वेळेवर विसंबण्याचे तोटेही आहेत. मेकफाइलमधली कमांडच बदलली, फाइली तशाच राहिल्या, तर मेकला एरवी काही बदलल्याचे कळत नाही. नेटवर्कवरच्या दोन संगणकांची घड्याळे जुळत नसतील तर बिल्ड अर्धवट राहू शकतो. ग्नू मेक त्याची सूचना देते. जावाच्या जगात २००० मध्ये अँट, मग मेव्हन आणि ग्रेडल ही पर्यायी साधने आली. गूगलमध्ये क्रोमसाठी घडलेले निंजा बदललेली कमांडही लक्षात ठेवते, मात्र त्याच्या फाइली माणसाने हाताने लिहाव्यात अशी अपेक्षाच नाही. त्या सीमेकसारखे दुसरे साधन लिहून देते.

मेकचे काम प्रोग्रॅमपुरतेच असते असे नाही; फाँटही त्याने बांधता येतात. रेड हॅटने २००४ मध्ये खुले केलेले ‘लोहित’ फाँट पुढे ज्या प्रकल्पात वाढले, त्यात या कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांचा मोठा वाटा आहे. त्याच्या मूळ सामग्रीत मेकफाइल असते. अक्षरांचे आराखडे ‘फाँटफोर्ज’च्या फाइलींत असतात आणि स्क्रिप्टच्या मदतीने त्यांपासून संगणकावर बसवायचा फाँट तयार होतो. देवनागरी फाँटमध्ये हिंदी आणि मराठी वळणांचे ‘ल’ व ‘श’ वेगळे ठेवावे लागतात, आणि मजकुराची भाषा मराठी असेल तेव्हा कोणते वळण घ्यायचे याचे नियमही त्यातच गुंफावे लागतात. ‘ल’चा आराखडा सुधारून मेक चालवले की देवनागरी फाँट नव्याने बांधला जातो, शेजारच्या फोल्डरमधल्या तमिळ किंवा गुजराती फाँटला धक्का लागत नाही.