परवचा आणि प्रगतिपुस्तक

मूल शाळेंत काय शिकलें हें त्याच्या आईबापांस कळावें कसें, हा प्रश्न दिसण्यांत लहान आहे. परंतु त्याचा मागोवा घेऊं गेल्यास आपल्या प्राथमिक शिक्षणाची सारी वाट डोळ्यांसमोर येते. भंडारा जिल्ह्यांतील पवनी तालुक्यांत आसगाव नांवाचें गांव आहे. वैनगंगेच्या खोऱ्यांतील हा मुलूख धानाचा, बोली झाडीपट्टीची. अशा गांवीं बांधींत राबणाऱ्या एखाद्या आईच्या हातीं मुलाचें प्रगतिपुस्तक पडतें, तेव्हां तिला त्यांतून काय उमगतें, हें आम्हांस या लेखांत पाहावयाचें आहे. त्यासाठीं थोडें मागें जाणें अवश्य आहे.

इंग्रजी अमलापूर्वीं, आणि त्यानंतरहि बरींच वर्षें, महाराष्ट्रांत पंतोजीची शाळा भरे ती देवळांत किंवा एखाद्या सधन गृहस्थाच्या पडवींत. धूळपाटीवर अक्षरें गिरवावयाचीं, मग मोडीचें वळण, आणि या सर्वांच्या जोडीस पाढे: पावकी, निमकी, दिडकी, औटकी. इयत्ता नव्हत्या, वार्षिक परीक्षा नव्हती, गुणपत्रक तर नव्हतेंच. तरीहि मुलाची चाल घरास ठाऊक असे. कारण दिवेलागणीस परवचा होई. मूल तिथि, वार, नक्षत्रें आणि पाढे मोठ्यानें म्हणे; ओसरीवरचा आजा आणि चुलीपाशीं बसलेली आई तें ऐकत. काल सतराच्या पाढ्यास अडखळलेला मुलगा आज तो सरळ म्हणून गेला, हें कळण्यास ऐकणारानें साक्षर असण्याची गरज नव्हती. तुटलेला ठेका कानास लागतोच.

तथापि या चित्रानें भारून जाण्याचें कारण नाहीं. परवचा ऐकूं येई ती मोजक्या घरांतून. मुली, अस्पृश्य मानलेल्या जाति आणि बहुतेक कुणबी यांच्या घरीं पंतोजीचा आवाज पोंचलाच नव्हता. शिवाय परवच्यानें पाठांतर कळे, समज कळत नसे. जोतीराव फुल्यांनीं १८४८ सालीं पुण्यास मुलींची शाळा काढली, आणि १८८२ सालीं हंटर आयोगापुढें निवेदन करतांना बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरला. शिक्षक होतां होईल तों शेतकरीवर्गांतून घ्यावे, अशीहि त्यांची सूचना होती. ज्यास कुणब्याच्या दारीं बसून मोकळेपणीं बोलतां येतें, त्यासच त्या घराची गरज कळते, हें तिच्यांतील मर्म आम्हांस आजहि विचार करण्याजोगें वाटतें.

नागपूरकर भोसल्यांचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला आणि दुसऱ्याच वर्षीं त्या प्रांताचें शिक्षणखातें स्थापन झालें. भंडारा जिल्हा त्याच प्रांतांत होता. आतां इयत्ता आल्या, हजेरीपट आला, क्रमिक पुस्तकें आलीं, आणि तपासणीस येणारा अधिकारी आला. त्याच १८६२ सालीं इंग्लंडांत परीक्षेचा निकाल पाहून शाळेस पैसे देण्याची पद्धति सुरू झाली. ती आपल्या देशांतहि आली, आणि १९०४ च्या सरकारी ठरावानें तिला रजा मिळेपर्यंत टिकली. या पद्धतीचा एक परिणाम फारसा कोणी बोलून दाखविला नाहीं. मुलास काय येतें ही बातमी पूर्वीं संध्याकाळीं घरीं येई. आतां ती कागदावर चढून तालुक्यास, तेथून जिल्ह्यास आणि पुढें राजधानीस जाऊं लागली. घराच्या वांट्यास ‘पास’ आणि ‘नापास’ हे दोन शब्द तेवढे उरले.

पुढें १९२० सालीं मध्यप्रांतांत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि स्थानिक संस्थांस सक्ती लागू करण्याचा अधिकार मिळाला. १९५६ सालीं भंडारा मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्रांत. १९६२ पासून गांवोगांवच्या शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या. शाळा घराजवळ आली, मुली आल्या, सर्व जातींचीं मुलें एका बांकावर बसूं लागलीं. हा लाभ केवढा मोठा! पण मूल शाळेंत पाठविणें हें बापाचें कर्तव्य ठरविणारांनीं, मूल काय शिकलें तें बापास सांगणें हें शाळेचें कर्तव्य आहे, असें स्पष्ट शब्दांत सांगण्यास फार काळ लावला.

तें २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्यानें सांगितलें. त्याच्या चोविसाव्या कलमान्वयें शिक्षकानें पालकांच्या नियमित सभा घ्यावयाच्या आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व झालेली प्रगति त्यांस कळवावयाची आहे. शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे व एकंदर निम्म्या स्त्रिया असाव्या, असाहि नियम झाला. २० ऑगस्ट २०१० रोजीं महाराष्ट्र सरकारनें सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची योजना जाहीर केली. गुणांच्या जागीं श्रेणी आल्या आणि शिक्षकाच्या वर्णनात्मक नोंदी आल्या. हेतु निःसंशय चांगला होता. परंतु मूळ कायद्यानें आठवीपर्यंत कोणास मागें ठेवावयाचें नव्हतें. तेव्हां ‘पास’ या शब्दांत जी थोडीबहुत बातमी होती, तीहि गेली. २०१९ च्या दुरुस्तीनें पांचवी व आठवीच्या परीक्षेस वाट करून दिली, तरी मधल्या काळांत पुष्कळ घरें समाधानांत राहिलीं. २००५ पासून ‘असर’ ही पाहणी घरोघर जाऊन मुलांकडून उतारा वाचून घेते. २०१८ सालीं तिला ग्रामीण भारतांतील पांचवीच्या मुलांपैकीं सुमारें निम्मींच दुसरीचा उतारा वाचणारीं आढळलीं. या पाहणीची रीत पाहिली तर ती परवच्याचीच आहे: मूल घरीं, उंबऱ्याशीं, आपल्या माणसांसमोर वाचतें.

आतां आसगावच्या त्या आईकडे वळूं. विदर्भांत शाळा उघडतात जूनच्या अखेरीस. त्यामागोमाग रोवणी येते. चिखलांत वांकून परे रोवणाऱ्या बाईस त्या दिवसांत सभेचें बोलावणें पाठविणें म्हणजे तिनें येऊं नये अशी व्यवस्था करणेंच होय. मग ती आली नाहीं म्हणून पालकांस आस्था नाहीं, असा शेरा मारावयाचा! सभा रोवणी आटोपल्यावर, आणि पुन्हां धान घरीं आल्यावर, संध्याकाळीं भरली, तर बांक रिकामे राहणार नाहींत. दुसरी अडचण भाषेची. ‘विविध उपक्रमांत सहभाग घेतो’ या नोंदींतून तिला कांहींच कळत नाहीं. ‘बेरीज येते, हातच्याची येत नाहीं’ एवढें शिक्षकानें सांगितलें, तर उद्यां बाजाराचा हिशेब ती मुलाकडून करवून घेईल. तिसरी गोष्ट याहून नाजूक आहे. झाडीबोलींत ‘ण’ च्या जागीं ‘न’ येतो. मूल पुस्तकांतील ‘पाणी’ ‘पानी’ असें वाचतें, तेव्हां त्यास वाचतां येत नाहीं असें नाहीं. तें आईच्या बोलींत वाचतें. हा भेद न जाणणारा शिक्षक आईस चुकीची बातमी देईल, आणि वर तिची बोली हीच मुलाची अडचण आहे असें तिच्या मनांत भरवील. त्या खेपेनंतर ती सभेस कशाला येईल?

यावरचा उपाय खर्चाचा नाहीं. सभेंत शिक्षकानें कमी बोलावें आणि मुलास बोलूं द्यावें. त्यानें आईसमोर अर्धें पान वाचावें, एक हिशेब मांडावा, वाचलेलें आपल्या शब्दांत सांगावें. या शेवटच्या पायरींत, जुन्या परवच्यास जें साधत नव्हतें तें, म्हणजे मुलाची समज, कानास कळते. निरक्षर आईसहि आपलें मूल कोठें थांबलें हें यांतून समजेल. आणि पुढल्या खेपेस तें तेथून पुढें सरकलें कीं नाहीं, हेंहि समजेल. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें प्रगतिपुस्तकास अधिक व्यापक रूप द्यावें असें सुचविलें आहे. त्यास आमची हरकत नाहीं. परंतु पान वाढलें म्हणून बातमी वाढत नाहीं.

ज्यांच्या घरीं तीन पिढ्या पुस्तकें आहेत, त्यांस प्रगतिपुस्तक नसलें तरी चालतें. मुलाची वही उघडून ते सारें जाणतात. खरी गरज आहे ती पहिल्यानेंच शाळेशीं संबंध आलेल्या घरास, आणि लिहिलेल्या कागदाचा उपयोगहि त्यासच सर्वांत कमी. तिमाहीस त्या कागदावर उमटणारा अंगठा ही पोंच आहे, समज नव्हे. आपल्या शाळांनीं पोंच पुष्कळ गोळा केल्या. आतां त्यांनीं त्या आईस मुलाचें वाचन ऐकवावें.