उपनगराच्या गच्चीवरून ताऱ्यांचे छायाचित्रण

शहराच्या आकाशात तारे उरले नाहीत, ही तक्रार आता जुनी झाली आहे. ठाणे, डोंबिवली, वसई किंवा पिंपरी-चिंचवडमधील गच्चीवरून नुसत्या डोळ्यांना मोजकेच तारे दिसतात, हे खरेच. तरीही साधा डिजिटल एसएलआर कॅमेरा आणि 'स्टार ट्रॅकर' नावाचे छोटे यंत्र यांच्या साहाय्याने त्याच गच्चीवरून मृग नक्षत्रातील तेजोमेघ किंवा कृत्तिकांचा तारकागुच्छ टिपता येतो. मात्र हे यंत्र पृथ्वीच्या फिरण्यावर मात करते, शहराच्या उजेडावर त्याचा इलाज चालत नाही. हा फरक खरेदीपूर्वीच ध्यानात घेतला, तर पुढचा खर्च आणि निराशा दोन्ही टळतात.

ट्रॅकर कशासाठी?

पृथ्वी स्वतःभोवतीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पूर्ण करते. त्यामुळे तारे तासाला सुमारे १५ अंश, म्हणजेच सेकंदाला १५ विकला सरकताना दिसतात. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर ठेवून शटर अधिक काळ उघडे ठेवले, तर ताऱ्यांच्या जागी रेघा उमटतात. किती सेकंद थांबता येईल, याचा एक ढोबळ हिशेब छायाचित्रकार वापरतात : ५०० या संख्येला भिंगाच्या नाभीय अंतराने भागायचे. कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्यास त्या अंतराला आधी दीडने गुणायचे. लहान सेन्सरवरील ५० मिलिमीटर भिंगाला या हिशेबाने सहा-सात सेकंद मिळतात, तर १३५ मिलिमीटर भिंगाला जेमतेम अडीच.

ट्रॅकरमधील मोटर कॅमेऱ्याला पृथ्वीच्या अक्षाशी समांतर अक्षावर, पृथ्वीच्याच वेगाने पण उलट दिशेला फिरवते. साहजिकच तारा सेन्सरवर एकाच जागी राहतो आणि शटर मिनिटभर उघडे ठेवता येते. स्काय-वॉचर कंपनीचा 'स्टार अॅडव्हेंचरर' आणि आयऑप्ट्रॉनचा 'स्कायगायडर प्रो' ही या प्रकारातील परिचित यंत्रे होत. ती सुमारे पाच किलोपर्यंत वजन पेलतात. पण गच्चीवरील वारा लक्षात घेता त्याच्या निम्म्यातच राहणे शहाणपणाचे. ट्रायपॉड मात्र दणकट हवा. हलका ट्रायपॉड महागड्या ट्रॅकरचेही काम बिघडवतो.

ध्रुव सापडला की निम्मे काम झाले

ट्रॅकरचा अक्ष खगोलीय उत्तर ध्रुवाकडे रोखणे, हा या छंदातील सर्वात महत्त्वाचा आणि नवशिक्यांची परीक्षा पाहणारा टप्पा. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची त्या गावाच्या अक्षांशाइतकी असते. मुंबईत ती सुमारे १९ अंश, पुण्यात साडेअठरा, तर नागपुरात २१ अंश आहे. युरोपातील छायाचित्रकाराला ध्रुवतारा छपरांच्या बराच वर दिसतो. आपल्याकडे तो शेजारच्या इमारतीआड सहज दडतो. शिवाय इतक्या खाली पाहताना डोक्यावरच्या तुलनेत हवेचा सुमारे तिप्पट थर आड येतो आणि धुरकट हवेत हा मध्यम तेजाचा तारा हरवून जातो.

म्हणूनच जागा निवडताना उत्तर दिशा मोकळी आहे ना, हे प्रथम पाहावे. शर्मिष्ठा किंवा सप्तर्षी यांच्या आधारे ध्रुवतारा शोधून ट्रॅकरच्या ध्रुवदर्शक दुर्बिणीत आणावा. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अंशाच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास दूर आहे. त्यामुळे तो दुर्बिणीच्या मध्यभागी न ठेवता, तेथील वर्तुळावर त्या वेळी असायला हवा त्या ठिकाणी ठेवावा लागतो. ते ठिकाण दाखवणारी मोबाइल अॅप्स उपलब्ध आहेत. तारा दिसतच नसेल, तर अक्षांशाइतका कल आणि होकायंत्राची उत्तर यांवर काम सुरू करता येते. मात्र गच्चीच्या काँक्रीटमधील लोखंडी सळया होकायंत्राची दिशाभूल करतात, याचे भान ठेवावे.

या जुळणीत किती चूक चालते? अक्ष एक अंशाने चुकला, तर तारे मिनिटाला जास्तीत जास्त १५-१६ विकला सरकतात. चार मायक्रॉन पिक्सेलचा सेन्सर आणि १३५ मिलिमीटरचे भिंग असल्यास ही घसरण अडीच पिक्सेलची, म्हणजे नजरेत भरणारी असते. चूक अंशाच्या सहाव्या हिश्शावर आणली, की ती अर्ध्या पिक्सेलहून कमी होते.

उजेडाचा सामना

आकाश किती काळे आहे, हे सांगण्यासाठी जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये मांडलेली एक ते नऊ पायऱ्यांची मोजपट्टी वापरली जाते. 'एक' म्हणजे निर्भेळ अंधार, तर 'नऊ' म्हणजे महानगराचा गाभा. मोठ्या शहरांची उपनगरे यातील वरच्या, म्हणजे उजळ पायऱ्यांवर येतात. अशा आकाशात पाच मिनिटांचे एक एक्स्पोजर घेतले, तर चित्र नुसते पांढुरके होते. त्याऐवजी एफ/२.८, आयएसओ ८०० अशा मांडणीत ३० ते ६० सेकंदांची अनेक छायाचित्रे रॉ स्वरूपात घ्यावीत. हिस्टोग्रामचा उंचवटा डावीकडून पाव ते एक-तृतीयांश अंतरावर असेल, तर एक्स्पोजर योग्य समजावे.

ही छायाचित्रे पुढे 'डीपस्कायस्टॅकर' किंवा 'सिरिल' या मोफत संगणक प्रणालींत एकावर एक रचली जातात. चार छायाचित्रांनी चित्राची स्वच्छता दुप्पट होते, शंभरांनी दहापट. आकाश दुप्पट उजळ असेल, तर तोच दर्जा गाठण्यासाठी एकूण वेळही साधारण दुप्पट लागतो. उपनगरात राहण्याची किंमत ती हीच. जोडीला भिंगावर झाकण लावून, त्याच तापमानात, तेवढ्याच वेळाची पंधरा-वीस 'डार्क' छायाचित्रे घ्यावीत. त्यामुळे सेन्सरचे दोष वजा करता येतात.

प्रकाशप्रदूषण रोखणाऱ्या फिल्टरबाबत सावध राहावे. पिवळ्या सोडियम दिव्यांचा प्रकाश मोजक्या तरंगलांबींत असल्याने तो अडवणे सोपे होते. पांढऱ्या एलईडी दिव्यांचा प्रकाश वर्णपटभर पसरलेला असतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा प्रकाश तेवढा आत सोडणारे दुपट्टी फिल्टर तेजोमेघांसाठी उपयुक्त ठरतात. तारकागुच्छ आणि दीर्घिका यांना त्यांचा फारसा लाभ नाही.

काय टिपावे?

ध्रुव खाली असण्याची भरपाई आपले अक्षांश अन्यत्र करतात. मृगातील तेजोमेघ मुंबईच्या आकाशात ६५ अंशांवर चढतो; लंडनमध्ये तो ३३ अंशांवरच थांबतो. कृत्तिका तर जवळपास डोक्यावर येतात, आणि शहराचा उजेड तेथेच सर्वात क्षीण असतो. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारीत या दोन लक्ष्यांपासून सुरुवात करावी. एप्रिल-मे महिन्यांत दक्षिणेकडे नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी हा भव्य गोलाकार तारकागुच्छ साधतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये देवयानी दीर्घिका उंचावर असते; पण उपनगरातून तिचा तेजस्वी गाभाच प्रामुख्याने हाती लागतो. पावसाळ्यात मात्र सामान सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावे, अन्यथा भिंगाला बुरशी लागते.

पहिल्या रात्रीची तयारी

अमावास्येच्या आसपासची रात्र निवडावी. सोसायटीची परवानगी आधीच घ्यावी आणि शक्य असल्यास गच्चीवरचा दिवा बंद करवून घ्यावा. ध्रुवाची जुळणी करून झाल्यावर, तेजस्वी ताऱ्यावर पडदा मोठा करून हाताने फोकस साधावा. ट्रायपॉडला धक्का न लागता लक्ष्य चौकटीत घ्यावे आणि रिमोटने तासभर छायाचित्रे घेत राहावीत. दर पंधरा मिनिटांनी फोकस आणि भिंगावरचे दव तपासावे.

यानंतर अधिक चांगल्या चित्राची ओढ लागली, तर महागड्या भिंगाआधी प्रवासखर्चाचा विचार करावा. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तितके दूर जाणे दर वेळी शक्य नसले, तरी शहरापासून तास-दोन तासांच्या अंतरावर आकाश पुष्कळ निवळते. हलका ट्रॅकर तेथेही पाठीवरच्या पिशवीतून नेता येतो. गच्चीवर झालेला ध्रुव साधण्याचा सराव अशा काळ्या आकाशाखाली कामी येतो आणि तेथील दुर्मीळ रात्र जुळणीच्या खटपटीत वाया जात नाही.