बेलावरचा व्याध



पुण्याहून साताऱ्याच्या वाटेला लागले, की कात्रजच्या घाटापलीकडे खेड-शिवापूर येते आणि त्याच्या पुढे भोर तालुक्यातले शिवरे. आणखी थोडे पुढे नसरापूर आहे. तिथले बनेश्वराचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधवले. बनेश्वर म्हणजे बनाचा ईश्वर. देवळाभोवतीचे बन आजही राखलेले आहे. माघ वद्य चतुर्दशीला, म्हणजे महाशिवरात्रीला, इकडची माणसे तिथे दर्शनाला जातात आणि घरोघर ‘शिवलीलामृत’ वाचले जाते. श्रीधरस्वामींनी हा ग्रंथ शके १६४० मध्ये, म्हणजे इसवी सनाच्या अठराव्या शतकाच्या आरंभी, आपल्याच जिल्ह्यातल्या बारामतीस पुरा केला. त्यातली व्याधाची कथा आपल्याला ठाऊक आहे. आज ती भक्तीची कथा म्हणून नव्हे, तर इतिहासाचा कागद म्हणून वाचून पाहू या.

कथा काय सांगते? एक व्याध दिवसभर रानात हिंडला, पण शिकार मिळाली नाही. घरी बायको-मुले उपाशी. संध्याकाळी तो तळ्याकाठच्या बेलावर चढून, धनुष्याला बाण लावून बसला. नजरेआड येणारी पाने तो खुडून खाली टाकत राहिला. ती खालच्या शिवलिंगावर पडत गेली आणि नकळत पूजा झाली. रात्री हरिणी पाण्यावर आली. घरच्यांचा निरोप घेऊन येते, असे वचन देऊन गेली. अशी एकामागून एक हरणे आली, वचन देऊन गेली आणि पहाटे सगळी परत आली. व्याधाच्या हातून बाण सुटला नाही.

आता यातले शिकारीचे ज्ञान पाहा. माघ संपत आला की डोंगरातले ओहोळ आटतात. जिथे पाणी उरले तिथे जनावराला यावेच लागते, म्हणून व्याध तळे गाठतो. तो झाडावर चढतो, यालाही कारण आहे. हरणाची खरी राखण त्याचे नाक करते. माणूस जमिनीवर असला तर वाऱ्यावर येणारा त्याचा वास हरणाला लांबूनच लागतो. उंचावर बसल्यास तो वास बराचसा जनावराच्या डोक्यावरून निघून जातो. शिवाय हरीण वर क्वचितच पाहते. पाण्यावर वाघ-बिबट्याही येणार, म्हणून झाडावर जीवही सुरक्षित. आणि पाने खुडणे? बाणाला मोकळी वाट लागते. मध्ये काडी आली तरी बाण फाकतो. झाडावर बसून हरणाची वाट पाहणाऱ्या शिकाऱ्यांचे शहाणपण कुणीतरी जवळून पाहिले असल्याशिवाय हे तपशील कथेत येणार नाहीत.

हे शहाणपण किती जुने? भोपाळजवळच्या भीमबेटकाच्या गुहा डॉ. वि. श्री. वाकणकर यांनी १९५७ मध्ये जगापुढे आणल्या. तिथल्या खडकांवर तीरकमठा घेतलेली माणसे आणि हरणे रंगवलेली आहेत. आपल्या पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातली ती शेतकऱ्यांची वस्ती. घोड नदीच्या काठी ही माणसे जव पिकवीत, गुरे पाळीत, आणि तरीही त्यांच्या उकिरड्यांत हरणांची हाडे सापडली. शेवटच्या काळात शेती हटली, तेव्हा शिकारीवरची भिस्त वाढली, असा उत्खनन करणाऱ्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे पीक बुडाले की रानाकडे वळायचे, ही रीत आपल्या मुलखात तीन हजार वर्षांची आहे.

राजांनी मात्र पोटासाठी नव्हे, तर करमणुकीसाठी शिकार केली. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मृगया हा राजाचा विनोद म्हणून आला आहे. हरणांच्या शिकारीच्या कितीतरी रीती त्यात सांगितल्या आहेत. शिकवून तयार केलेले पाळीव हरीण पुढे करून रानातल्या हरणाला भुलवावे, ही त्यांतलीच एक. कथेतला उपाशी व्याध आणि ग्रंथातला राजा यांचे हत्यार एकच, गरज मात्र वेगळी.

तीरकमठ्याची एक मर्यादा होती. साधा बांबूचा कमठा. सातपुड्यातल्या भिल्लांकडे तर त्याची दोरीसुद्धा बांबूच्या कांबीची असे. त्याने हरीण पाडायचे तर ते वीस-तीस पावलांवर यायला हवे. त्यासाठी तासन् तास हालचाल न करता बसावे लागे. एक बाण सुटला की दोरीच्या आवाजाने बाकीचा कळप उधळला, म्हणजे फार तर एक जनावर. जखमी जनावर पळाले तर रक्ताचा माग काढीत जावे लागे. अशा शिकारीला कायदा नसला तरी लगाम होता. तो हत्याराच्या आखूड पल्ल्यात होता. पुढे तोड्याची बंदूक आली आणि इंग्रजी अमदानीत काडतुसाची आली. लगाम सुटला. मचाण तेच राहिले, पण त्यावर आता साहेब आणि संस्थानिक बसू लागले, आणि पिढ्यान् पिढ्या रान ओळखणारा माणूस खाली हाका घालू लागला.

१८७८ मध्ये दोन कायदे झाले. एक वनांचा, दुसरा हत्यारांचा. राखीव जंगलात शिरणे हाच गुन्हा ठरू लागला आणि बंदुकीला परवाना लागला. त्याआधी, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा आला होता. पुढे फासेपारध्यांसारख्या शिकारी जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायद्याने पुसला. लोकांच्या मनातून अजून पुरता पुसलेला नाही. आपल्या मावळातला कातकरी रानात खैराचा कात काढी, लहानसहान शिकार करी. रान बंद झाले आणि तो दुसऱ्याच्या बांधावर मजूर झाला.

कथेत व्याधाने धनुष्य आपण होऊन खाली ठेवले. इतिहासात ते त्याच्या हातून काढून घेतले गेले. दोन्हींत फरक आहे, आणि हा फरक आपल्या शाळांतून सांगितला जात नाही.

मग हरणांचे काय झाले? बंदूक आणि तुटलेले रान यांनी ती हटली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सांबर, चितळ, भेकर, पिसोरी या साऱ्यांना संरक्षण दिले. तीरकमठा असो, फास असो वा बंदूक, शिकार हा गुन्हा आहे. नुसता प्रयत्नही गुन्हा आहे. हे योग्यच झाले. पण सांबराने किंवा रानडुकराने एका रात्रीत नाचणीचा तुकडा साफ केला, की शेतकऱ्याच्या मनात काय येते हे आपण जाणतो. एके काळी याच शेतात राखणीचा माळा असे, रात्रभर माणूस जागे, डबा वाजवी, गोफण फिरवी. ती राखण आजही करता येते. नुकसान झालेच तर वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करता येतो. पंचनामा मात्र वेळेवर करून घ्यावा. फास लावून प्रश्न सुटत नाही. त्यात भेकर सापडते तसा शेजाऱ्याचा कुत्राही सापडतो.

गुरुजनांना एक सुचवावेसे वाटते. येत्या शिवरात्रीच्या संध्याकाळी मुलांना अंगणात न्या. अंधार पडला की मृग नक्षत्र चांगले वर आलेले असते. चार तारे म्हणजे हरणाचे पाय आणि मधले तीन ओळीतले तारे म्हणजे त्याला लागलेला बाण. त्या तिन्हींची रेघ डावीकडे खाली नेली की लखलखीत व्याध दिसतो. आभाळातल्या ताऱ्यांत तो सर्वांत तेजस्वी. जूनमध्ये सूर्य याच मृगात येतो आणि आपण पेरणीला लागतो. मुलांना कथा सांगा, आणि तिच्याबरोबर इनामगावची हाडे, १८७८ चे कायदे आणि कातकरीवाडीतल्या त्यांच्याच वर्गसोबत्यांच्या आजोबांची हकिगतही सांगा. हरिणीने दिलेला शब्द पाळला, हे आपण दरवर्षी ऐकतो. व्याधाची मुले त्या रात्री उपाशी होती, हेही त्याच कथेत आहे.