खेचरांच्या वाटेवरचे एक अक्षर

तीन-चार वर्षांच्या मुलीचा आवाज घोगरा होऊ लागतो, अंगावर दाट लव उमटते, उंची वयाच्या मानाने भराभर वाढते, चेहऱ्यावर मुरमे येतात. दक्षिण ब्राझीलच्या पाराना प्रांतातील कुरितिबा शहरात बालरोगतज्ज्ञांना अशी मुले पुन्हा पुन्हा दिसू लागली. निदान ठरलेले असे : मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यस्तरात गाठ. जगात इतरत्र हा आजार अतिशय विरळ. येथे मात्र त्याचे प्रमाण दहा ते पंधरा पट!

आता ही गाठ एवढी बोलकी का, ते पाहू. गर्भावस्थेत अधिवृक्क ग्रंथी आकाराने फार मोठी असते आणि तिचा मुख्य भाग पुरुषी संप्रेरकांचा कच्चा माल तयार करीत असतो. जन्मानंतर तो भाग आक्रसून जातो. साधारण सहा ते आठ वर्षांपर्यंत या संप्रेरकांचा ओघ जवळजवळ थांबलेला असतो. मुलांमधील गाठीच्या पेशी पुष्कळदा त्या गर्भकालीन पेशींसारख्या वागतात. म्हणून बंद पडलेला कारखाना अवेळी सुरू होतो. त्याच्या जोडीला कॉर्टिसॉलही वाढले, तर चेहरा गोल होतो आणि रक्तदाब चढतो. प्रौढांतील अशा गाठी अनेकदा संप्रेरके न स्रवता मूक राहतात, मुलांतील क्वचितच.

पण कुरितिबाच का? प्रारंभी संशय शेतीतील कीटकनाशकांवर गेला. शेतीप्रधान प्रदेशात तो स्वाभाविकही होता.

उत्तर २००१ साली मिळाले. राऊल रिबेरो आणि सहकाऱ्यांनी अशा ३६ मुलांचे जनुकीय परीक्षण केले. त्यांपैकी ३५ मुलांत ‘पी-५३’ या अर्बुदरोधक प्रथिनाच्या जनुकात एकच, अगदी तोच बदल सापडला : ३३७ व्या स्थानी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन. या प्रथिनाचे चार रेणू एकत्र जुळले तरच ते नीट काम करते. या बदलामुळे ती जुळणी नाजूक होते. पेशीतील आम्लता थोडी घटली की ती सैल पडते. अशा उत्परिवर्तनांमुळे एरवी घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कर्करोगांची रांग दिसते. येथील बहुतेक कुटुंबांत तशी रांग नव्हती, म्हणूनच आनुवंशिकतेकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नसावे.

एवढ्या असंबंधित कुटुंबांत नेमका तोच बदल कसा? पुढील अभ्यासांत त्याच्या आजूबाजूचा गुणसूत्राचा पट्टाही वाहकांत सारखाच निघाला, आणि त्याची धाटणी युरोपीय, बहुधा इबेरियन आहे. म्हणजे कधीतरी एकच पूर्वज.

येथे इतिहास पुढे येतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस मिनास जेराइसमध्ये सोने सापडले आणि खाणींना खेचरे हवी झाली. ती दक्षिणेच्या कुरणांत मिळत. १७३० च्या दशकापासून ‘त्रोपेइरो’ म्हणजे खेचरांचे तांडेवाले ती कळपांनी विआमांवहून उत्तरेकडे, सोरोकाबाच्या बाजारापर्यंत हाकीत नेऊ लागले. आपल्याकडील लमाण तांडे आठवावेत, फरक एवढाच की येथे जनावर हाच माल. वाटेतल्या मुक्कामांची पुढे गावे झाली. लापा आणि कास्त्रो ही त्यांपैकीच. या उत्परिवर्तनाच्या वाहकांचा आजचा पट्टा या जुन्या वाटेशी बराच जुळतो, म्हणून एखाद्या त्रोपेइरोनेच ते वाटेवर पसरविले असावे, असा काही संशोधकांचा तर्क आहे. माझ्या मते समान पूर्वजाचा पुरावा भक्कम आहे. तो पूर्वज खेचरे हाकीत होता, हे मात्र परिस्थितीजन्य अनुमानच समजावे.

त्या अनुमानाची वाट न पाहता पारानातील डॉक्टरांनी नवजात बालकांची चाचणी हाती घेतली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १,७१,६४९ बालकांपैकी ४६१ वाहक निघाली, म्हणजे हजारी जवळजवळ तीन. बहुतेक वाहक बालकांना ही गाठ कधीच होत नाही. ज्यांना होते, त्यांच्यात ती वेळीच सापडली, तर शस्त्रक्रियेने पूर्ण काढून टाकता येते. नियमित तपासणीत राहिलेल्या मुलांच्या गाठी लहान असतानाच हाती लागल्या, आवाज घोगरा होण्याची वाट न पाहता.